फोटोच्या पाठीवरचा मजकूर

काही वर्षांपूर्वी एका शिक्षिकेने आमच्याकडे एक फोटो पाठवला. शाळेचे पटांगण, मधोमध सरळ उभा केलेला पाइपाचा तुकडा, त्याभोवती मुलांच्या पायांचे कडे, आणि पाइपाची सावली कुठेच नाही. शाळा पुण्याजवळच्या एका गावातली. वर्षातून दोनदा आपल्याकडे सूर्य भर दुपारी नेमका डोक्यावर येतो, त्यातला एक दिवस मुलांनी साधला होता. फोटो आम्हाला फार आवडला आणि अंकात घ्यायचे ठरले.

छपाईचे काम पाहणाऱ्या गृहस्थांनी तो संगणकावर उघडला आणि मान हलवली. "हा बहात्तरचा आहे. चालणार नाही. तीनशेचा लागेल." फोटो हाताळायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'रिझोल्यूशन' असे लिहिलेल्या चौकटीत खरोखरच ७२ हा आकडा होता. आम्ही तो खोडून तिथे ३०० लिहिले, बटण दाबले, आणि प्रश्न मिटला असे समजलो. फाइल चांगली गलेलठ्ठ झाली. मग पाइपाच्या बुंध्याचा, म्हणजे जिथे सावली असायला हवी होती पण नव्हती त्या जागेचा, एक छोटा तुकडा कापून आम्ही तो पानभर रुंदीला लावला. छापून आला तेव्हा तो पाइप आहे की दुधी भोपळा, हे ज्याचे त्याने ठरवावे अशी अवस्था होती.

नंतर चुकीचा माग काढताना याच फाइलीत आणखी एक गंमत सापडली. कॅमेऱ्याने फोटोबरोबर जी माहिती नोंदवून ठेवली होती तिच्यात तारीख होती १ जानेवारी २०१० आणि वेळ रात्रीचे बारा वाजून बेचाळीस मिनिटे. फोटोत तर लख्ख ऊन!

म्हणजे फोटोसोबत आलेल्या दोन आकड्यांपैकी एक निरर्थक होता आणि दुसरा चक्क खोटा. तरी दोन्ही कसे टापटिपीने, चौकटीत बसून, खरे असल्यासारखे आमच्याकडे बघत होते. हे आकडे तिथे आले कुठून? शोधायला लागलो तेव्हा ती गोष्ट संगणकाच्याही फार मागे, फोटोच्या जन्मापर्यंत गेली.

खिडकीची तावदाने

इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यात लेकॉक ॲबी नावाचा एक जुना वाडा आहे. तिथे राहणाऱ्या विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी १८३५च्या उन्हाळ्यात छोट्या छोट्या लाकडी पेट्यांत भिंग बसवून, आत चांदीच्या क्षाराचा थर दिलेला कागद ठेवून काही प्रयोग केले. घरात जागोजाग ठेवलेल्या या पेट्यांना त्यांच्या पत्नी कॉन्स्टन्स 'उंदराचे सापळे' म्हणत. त्यातल्या एका सापळ्यात सापडली वाड्याची जाळीदार खिडकी. आज उपलब्ध असलेल्या कॅमेऱ्याच्या निगेटिव्हांत ही सर्वांत जुनी मानली जाते. आकार जेमतेम टपालाच्या तिकिटाएवढा.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते तिच्याशेजारी टॅलबट यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेले टिपण. त्यात चित्र कशाचे आहे ते आहे, कोणत्या उपकरणाने काढले ते आहे, महिना आणि वर्ष आहे. आणि शेवटी असे म्हटले आहे की, चित्र पहिल्यांदा तयार झाले तेव्हा भिंगाच्या मदतीने खिडकीची तावदाने मोजता येत होती, आणि ती सुमारे दोनशे होती.

आजच्या कुठल्याही फोटो-सॉफ्टवेअरमध्ये 'माहिती' या कळीखाली जे दिसते, ते जवळजवळ सगळे या चार ओळींत आहे. विषय, साधन, दिनांक आणि विभेदनक्षमता, म्हणजेच रिझोल्यूशन. पण टॅलबट यांचे रिझोल्यूशन आमच्या चौकटीतल्या आकड्यापेक्षा अस्सल आहे. किती बारीक गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ओळखता येतात, हाच विभेदनक्षमतेचा मूळ अर्थ, आणि त्यांनी त्या गोष्टी मोजल्या. शिवाय 'पहिल्यांदा तयार झाले तेव्हा' हे शब्दही पाहा. चित्र पुसट होत चालले आहे आणि आपली नोंद त्याच्या आजच्या नव्हे तर मूळच्या अवस्थेची आहे, याची जाणीव त्या शब्दांत आहे. नोंद करणाऱ्याने किती काळजी घ्यावी, याचा हा नमुनाच आहे.

पुढे १८४४ ते १८४६ या काळात टॅलबट यांनी 'द पेन्सिल ऑफ नेचर' हे फोटो चिकटवलेले पुस्तक भागाभागाने प्रसिद्ध केले. ऑक्सफर्डमधल्या क्वीन्स कॉलेजच्या फोटोबद्दल लिहिताना त्यांनी वाचकाला भिंग घेऊन बसायला सांगितले आहे. फोटो काढणाऱ्याच्या ध्यानीमनी नसलेल्या कितीतरी गोष्टी त्यात उमटलेल्या असतात. भिंतीवरच्या पाट्या, तारखा, आणि कधी एखाद्या दूरच्या घड्याळाची तबकडी, म्हणजे फोटो किती वाजता काढला याची आपोआप झालेली नोंद. हा मुद्दा लक्षात ठेवू या. आमच्या पाइपाच्या फोटोकडे परतताना तो उपयोगी पडणार आहे.

जेऊरचे ग्रहण

काचेच्या प्लेटांच्या जमान्यात नोंद लिहायची जागा म्हणजे प्लेटेची कड, तिचे पाकीट किंवा वेगळी वही. खगोलशास्त्रज्ञांना तर वहीशिवाय गत्यंतरच नव्हते, कारण कोणता तारा, किती वाजता, किती वेळ, हे माहीत नसलेली ताऱ्यांची प्लेट म्हणजे नुसती काळ्या ठिपक्यांची काच.

पण वहीत तारीख लिहिली म्हणजे काम संपले असेही नाही. २२ जानेवारी १८९८ रोजी भर दुपारी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा महाराष्ट्रावरून गेला. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्रमुख, प्राध्यापक कावसजी नायगमवाला, आपली साधने घेऊन आजच्या सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही तिथेच आले होते. खग्रास अवस्था सुमारे दोन मिनिटांची. तेवढ्यात जे काय फोटो, वर्णपट मिळतील ते मिळवायचे. नायगमवालांचा अहवाल १९०२ साली छापला गेला, त्याच्या शीर्षकात तारीख आहे २१-२२ जानेवारी.

ग्रहण तर दोन मिनिटांचे, मग तारखा दोन कशा? कारण त्या काळी खगोलशास्त्रज्ञांचा दिवस मध्यरात्री नव्हे तर मध्यान्ही सुरू होई. ही पद्धत १९२४च्या अखेरीपर्यंत चालली. जेऊरला दुपार झाली तेव्हा ग्रिनिचला सकाळ होती, आणि खगोलशास्त्रज्ञांच्या हिशेबाने ग्रिनिचचा २१ तारखेचा दिवस अजून संपायचा होता. त्यात भर म्हणजे १८९८ साली भारतीय प्रमाणवेळ नव्हती. ती १९०६ साली आली. मुंबईची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे, मद्रासची आणखी वेगळी. तेव्हा जुन्या प्लेटेवर नुसती तारीख आणि वेळ लिहिलेली असेल, तर ती कोणत्या घड्याळाची, हे समजल्याशिवाय तिचा उपयोग नाही. विद्यार्थ्यांना एककाशिवाय उत्तर लिहिले की आपण गुण कापतो. वेळेलाही तोच नियम लावायला हवा.

कॅमेऱ्यातच पेन्सिल

सामान्य हौशी माणसाला वही ठेवायचा कंटाळा. त्याच्यासाठी १९१४ साली कोडॅकने 'ऑटोग्राफिक' कॅमेरा बाजारात आणला. युक्ती हेन्री गाइसमन नावाच्या संशोधकाची होती, आणि कोडॅकचे जॉर्ज ईस्टमन यांनी तिच्यासाठी तब्बल तीन लाख डॉलर मोजले. कॅमेऱ्याच्या पाठीला एक चिमुकले झाकण असे. फोटो काढल्यावर ते उघडायचे, फिल्ममागच्या कागदावर धातूच्या टोकदार काडीने नाव, गाव, तारीख लिहायची, आणि झाकण काही सेकंद उजेडाकडे धरायचे. लिहिलेल्या जागेतून उजेड आत शिरे आणि फिल्म धुतल्यावर दोन फोटोंमधल्या पट्टीत ते अक्षर उमटे. म्हणजे फोटो आणि त्याविषयीची माहिती एकाच फिल्मवर, कधी ताटातूट होऊ नये अशी. कल्पना झकास होती, पण लोकांनी ती फारशी वापरली नाही आणि १९३२ साली कोडॅकने हे कॅमेरे बंद केले. दर फोटोनंतर थांबून लिहायचे कोण? आपल्याकडे अल्बममधला फोटो उलटा करावा तर मागे 'चि. बाळ, वय ९ महिने' एवढेच असते आणि हा बाळ कोण यावर घरात दोन मते असतात.

पुढे १९८० आणि १९९०च्या दशकांत कॅमेऱ्याच्या पाठीत छोटे घड्याळ बसवून फोटोच्या कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख उमटवायची सोय निघाली. आता लिहायचे कष्ट नव्हते. मात्र घड्याळ लावायचे कष्ट होते, आणि कितीतरी लग्नांच्या अल्बमांत नवरा-नवरी भलत्याच वर्षात उभी आहेत.

चौकोनी ठिपके

आता संगणकाकडे वळू. १९५७ साली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय मानक संस्थेत रसेल कर्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिरत्या दंडगोलावर फोटो गुंडाळून तो ठिपक्याठिपक्याने संगणकाला वाचून दाखवणारे यंत्र बनवले. फोटो होता कर्श यांच्या तीन महिन्यांच्या मुलाचा. संगणकात उतरलेले चित्र १७६ ठिपके रुंद आणि १७६ ठिपके उंच, म्हणजे एकूण ३०,९७६ ठिपके. 'चित्राचा घटक' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचा संक्षेप करून या ठिपक्याला 'पिक्सेल' असे नाव पडले. १९६५ साली अमेरिकेच्या जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेतल्या फ्रेडरिक बिलिंग्झली यांच्या लेखांत तो शब्द छापलेला सापडतो. ठिपके चौकोनी ठेवल्याबद्दल कर्श यांनी म्हातारपणी हळहळही व्यक्त केली होती.

दंडगोलावर गुंडाळलेला फोटो सुमारे पाच सेंटीमीटरचा होता. म्हणजे एका इंचात किती ठिपके घेतले, हा प्रश्न इथे विचारता येतो आणि त्याला खरे उत्तरही आहे. कारण मूळ वस्तू कागद आहे आणि कागदाला इंच असतात.

डिसेंबर १९७५मध्ये रोचेस्टरला, कोडॅकच्याच प्रयोगशाळेत, स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने फिल्मशिवायचा कॅमेरा जुळवला. वजन सुमारे पावणेचार किलो, प्रतिमा १०० बाय १०० ठिपक्यांची, आणि ती कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर दाखवताना शंभर ओळी फारच तुटपुंज्या दिसणार, म्हणून त्यांनी मधल्या ओळी हिशेबाने भरून काढून चारशे केल्या. चित्र पडदाभर झाले, पण कॅमेऱ्याने पाहिले होते ते शंभर ओळींएवढेच. आम्ही तीनशेचा आकडा लिहून बटण दाबले तेव्हा आमच्या सॉफ्टवेअरनेही नेमके हेच केले होते.

आणि सॅसन यांच्या कॅमेऱ्याला 'इंचाला किती ठिपके?' असे विचारले तर? समोर प्रयोगशाळेतली व्यक्ती उभी आहे, उद्या डोंगर असेल, परवा चंद्र. चंद्राच्या फोटोत इंचाला ठिपके किती हा प्रश्नच चुकीचा आहे. फोटो छापायला घेतला की मगच त्याला इंच लाभतात.

बहात्तर आले कुठून

छापखान्यात अक्षरांची उंची 'पॉइंट'मध्ये मोजतात. अमेरिकन पद्धतीत एका इंचात साधारण ७२.२७ पॉइंट बसत. १९८४ साली ॲपलचा मॅकिन्टॉश संगणक आला. त्याचा पडदा ५१२ बाय ३४२ ठिपक्यांचा, आणि इंचाला ७२ ठिपके. पडद्यावरचा एक ठिपका म्हणजे जवळपास एक पॉइंट, त्यामुळे पडद्यावर जेवढे अक्षर दिसे तेवढेच कागदावर येई. त्याच वर्षी ॲडोबी कंपनीने छपाईयंत्रांसाठी 'पोस्टस्क्रिप्ट' ही भाषा आणली आणि तिच्यात ०.२७चे लचांड काढून टाकून इंचाचे नेमके ७२ पॉइंट केले. घरच्या टेबलावर पुस्तक जुळवायचे दिवस त्यानंतर आले, आणि बहात्तर हा आकडा त्या सगळ्या व्यवहाराच्या हाडीमाशी खिळला.

१९८६ साली आल्डस या कंपनीने स्कॅनरवरून घेतलेली चित्रे साठवण्यासाठी 'टिफ' नावाची फाइल-रचना जाहीर केली. फाइलीत चित्राआधी लेबलांची एक यादी: रुंदी किती, उंची किती, आणि इंचाला किंवा सेंटीमीटरला ठिपके किती. स्कॅनरसाठी हे योग्यच होते, कारण तो कागद वाचतो. या रचनेत एक प्रामाणिक पळवाटही होती. एकक लिहायच्या जागी 'इंच' किंवा 'सेंटीमीटर'शिवाय 'कोणतेही एकक नाही' असेही लिहिता येई.

मग डिजिटल कॅमेरे बाजारात येऊ लागले. प्रत्येक कंपनीने आपापली माहिती आपापल्या तऱ्हेने लिहिली असती तर पंचाईत झाली असती. म्हणून १९९५ साली जपानमधल्या इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या 'जेईडा' या संघटनेने 'एक्झिफ' हे मानक ठरवले. कॅमेऱ्याची कंपनी आणि मॉडेल, शटर किती वेळ उघडे होते, छिद्र केवढे, भिंगाचे नाभीय अंतर, फ्लॅश पडला का, तारीख, वेळ हे सारे जेपेग फाइलीच्या सुरुवातीच्या, फार तर ६४ किलोबाइटच्या एका कप्प्यात बसवायचे. ऑटोग्राफिक कॅमेऱ्याची लिहायची काडी पुन्हा आली, फक्त आता ती कॅमेऱ्याच्याच हातात होती. अशा माहितीविषयीच्या माहितीला 'मेटाडेटा' म्हणतात.

एक्झिफने लेबलांची यादी नव्याने न बनवता टिफची घेतली. शहाणपणाचाच निर्णय होता तो. पण त्या यादीबरोबर 'इंचाला ठिपके किती' हा स्कॅनरचा रकाना कॅमेऱ्याच्या घरात आला, आणि तो भरणे सक्तीचे झाले. 'कोणतेही एकक नाही' हा पर्याय मात्र वाटेत गळाला. एक्झिफमध्ये इंच किंवा सेंटीमीटर यांपैकी एक निवडावेच लागते. मग कॅमेऱ्याने लिहायचे काय? मानकातच सांगितले आहे: रिझोल्यूशन माहीत नसेल तर ७२ लिहा, आणि एकक माहीत नसेल तर इंच लिहा.

म्हणजे आमच्या छपाईवाल्यांनी ज्या आकड्यावरून फोटो नापास केला, त्या आकड्याचा अर्थ 'माहीत नाही' असा होता! सरकारी अर्जात ज्या रकान्याला उत्तर नाही तिथे आपण 'लागू नाही' लिहितो. इथे रकाना फक्त आकडाच घेतो, म्हणून कारकुनाने बहात्तर लिहिले. काही कंपन्या १८० लिहितात, काही ३००. त्यावरून एक कॅमेरा दुसऱ्याहून सरस ठरत नाही.

आमची चूक, आकड्यांत

शिक्षिकेचा कॅमेरा जुना, फोटो १६०० बाय १२०० ठिपक्यांचा. खरी माहिती एवढीच. इंचाला ७२ ठिपके मांडले तर हा फोटो सव्वाबावीस इंच रुंद छापला जाईल. ३०० मांडले तर सव्वापाच इंच. ठिपके तेच, फक्त दाटी वेगळी. पटांगणावर उभी असलेली मुले जवळ जवळ उभी केली म्हणून पटसंख्या वाढत नाही.

तीनशेच कशाला, तेही पाहू. छापील फोटो भिंगाखाली धरला तर तो शाईच्या लहानमोठ्या टिंबांच्या ओळींचा बनलेला दिसतो. चांगल्या गुळगुळीत कागदावर इंचाला दीडशे ओळी घेतात, आणि दर ओळीला दोन पिक्सेल असावेत असा व्यवहारातला ठोकताळा आहे. म्हणून तीनशे. वर्तमानपत्राच्या कागदाला एवढे लागत नाही. अट आहे ती छापताना इंचात खरे पिक्सेल किती पडतात याची. लेबलावर काय लिहिले आहे याची नव्हे.

फोटोशॉप १९९० साली बाजारात आले. त्यात चित्राचा आकार बदलायच्या खिडकीत एक खूण करायची चौकट असते, 'रिसॅम्पल' नावाची. ती खूण काढून आकडा बदलला तर फक्त लेबल बदलते. खूण ठेवून बदलला तर सॉफ्टवेअर इंच तेवढेच ठेवते आणि मधले पिक्सेल शेजाऱ्यांवरून अंदाजाने घडवते. गिंप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये या दोन कामांना वेगवेगळ्या आज्ञा आहेत, 'प्रिंट साइझ' आणि 'स्केल इमेज', आणि शिकवायला ते अधिक सोयीचे. आम्ही ती खूण पाहिलीही नव्हती. त्यामुळे १९ लाख २० हजार पिक्सेलांचे सव्वातीन कोटींहून अधिक झाले. त्यातून सहा इंच रुंदीचा तुकडा आम्ही कापला, तो लेबलाप्रमाणे १८०० पिक्सेलांचा. पण मूळ फोटोत त्या तुकड्याला पिक्सेल होते फक्त ४३२. ४३२ भागिले सहा, उत्तर ७२. छपाईवाल्यांचा आकडा अखेर खरा ठरला, पण तो आम्ही ठरवला!

एक पुस्ती जोडायला हवी. पिक्सेल खरे असले तरी तेवढेच तपशील मिळतात असे नाही. भिंग मळके असेल, हात हलला असेल, तर बारा दशलक्ष पिक्सेलही एक सारखा धुरळा टिपतात. वर्गात करून बघण्याजोगे आहे. आलेखाचा कागद भिंतीला लावावा, वेगवेगळ्या अंतरांवरून फोटो घ्यावेत आणि कोणत्या अंतरापर्यंत मिलीमीटरच्या रेषा सुट्या मोजता येतात ते पाहावे. मोजता येणाऱ्या दोन शेजारच्या रेषांमध्ये किती पिक्सेल पडतात तेही फोटो मोठा करून मोजता येईल. दोनाहून कमी कधीच मिळणार नाहीत. टॅलबट यांची तावदाने मोजण्याचाच हा प्रकार.

एक जानेवारीची दुपार

आता राहिली तारीख. जुन्या कॅमेऱ्याची बॅटरी पूर्ण उतरली की त्याचे घड्याळ कारखान्यात भरलेल्या आरंभीच्या तारखेला परत जाते. बॅटरी बदलल्यावर कॅमेरा तारीख विचारतो, आणि घाईत असलेला माणूस 'ठीक आहे' दाबतो. आमच्या फोटोचा 'जन्म' १ जानेवारीच्या मध्यरात्रीनंतर बेचाळीस मिनिटांनी झाला तो असा. घड्याळ बरोबर असले तरी जेऊरच्या प्लेटांची अडचण एक्झिफमध्येही कितीतरी वर्षे होती: वेळ कोणत्या देशाच्या घड्याळाची, हे लिहायला जागाच नव्हती. ती २०१६ साली झाली.

पण फोटोला मेटाडेटापेक्षा अधिक माहीत होते. पुण्याचे अक्षांश साडेअठरा उत्तर. एक जानेवारीला सूर्य विषुववृत्ताच्या सुमारे २३ अंश दक्षिणेला असतो, आणि पुण्यात मध्यान्हीसुद्धा मीटरभर काठीची सावली सुमारे ८८ सेंटीमीटर पडते. सावली नाहीशी व्हायला सूर्याची क्रांती साडेअठरा उत्तर हवी, आणि ती असते १३-१४ मेच्या सुमारास व पुन्हा जुलैच्या अखेरीस. जुलैत आपल्याकडे आभाळ भरलेले आणि पटांगणात चिखल. फोटोत कोरडी, तापलेली धूळ. तेव्हा मे महिनाच, आणि वेळ साडेबारानंतर एखाद-दुसरे मिनिट इकडे तिकडे. वर्ष मात्र सावलीवरून कळत नाही. आम्ही शिक्षिकेला विचारले, त्यांनी शाळेच्या नोंदवहीत पाहून सांगितले, आणि महिना जुळला. टॅलबट म्हणाले होते ते दूरचे घड्याळ इथे पाइपाच्या रूपाने चित्राच्या मधोमधच उभे होते.

सावलीवरून असा ताळा घ्यायला वेळ लागतो, पण जिथे फोटो पुरावा म्हणून पुढे केला जातो तिथे तो घ्यायलाच हवा. मेटाडेटा कोणालाही बदलता येतो, त्यासाठी फुकट सॉफ्टवेअरे मिळतात. तारखेच्या रकान्यात हवे ते लिहिणे फोटोच्या पाठीवर पेन्सिलने लिहिण्याइतकेच सोपे आहे. उलट बाजूने, जी माहिती द्यायची नव्हती तीही त्यातून निसटते. डिसेंबर २०१२मध्ये पोलिसांना चुकवत फिरणाऱ्या जॉन मॅकॅफी या संगणक-उद्योजकाचा फोटो एका नियतकालिकाने प्रसिद्ध केला. फोन-कॅमेऱ्याने त्यात अक्षांश-रेखांश लिहून ठेवले होते. ते ग्वाटेमालातले निघाले आणि दोनच दिवसांत त्याला तिथे अटक झाली. शाळेतल्या मुलांचे फोटो बाहेर पाठवताना हा प्रसंग आठवावा. फोनमध्ये कॅमेऱ्याची स्थाननोंद बंद करता येते, आणि पाठवण्याआधी फोटोची 'माहिती' उघडून बघायला अर्धा मिनिट पुरते.

पाइपाचा फोटो आम्ही पुढच्या अंकात पुन्हा छापला, या वेळी न कापता, सव्वापाच इंच रुंदीचा. पाइपाचा बुंधा स्वच्छ दिसत होता, मुलांच्या चपलांचे पट्टेही मोजता येत होते. खाली तारीख घातली ती शाळेच्या नोंदवहीतली.